एका भिडूला विमानं किती?

तर मंडळी, गेल्या विकांताला आम्ही नागावला जाऊन आलो आणि मी समुद्र सगळा मिळून वीस मिनिटं पाहिला. उरलेला वेळ पडवीत गेला. कारण सोबत चोवीस विमानं होती.

शुक्रवारी हापिसातून लवकर सटकलो, तरी वडखळला व्हायची ती रखडपट्टी झालीच. पोचेपर्यंत नऊ वाजले. वाडी नेहमीचीच. पुढे नारळ, मागे सुपारी, विहिरीवर पंप आणि पडवीत जेवणाची दोन लांब टेबलं. ती टेबलं जोडायची, वर निळी चादर अंथरायची, की झालं आकाश. वाडीच्या काकूंना पहिल्या वेळी वाटलं होतं की पुण्याची पोरं पैसे लावून पत्ते कुटायला आलीत. आता त्या चादर स्वतःच काढून ठेवतात. फक्त एक अट, ताटं वाढली की विमानं उचलायची.

मंडळी कोण, तर मी, बायको, नाशिककर, कोल्हापूरकर, त्याचा तेरा वर्षांचा भाचा आणि आमचा दातांचा डॉक्टर. (नावं लिहीत नाही. मागच्या एका लेखानंतर बरीच बोलणी खाल्ली आहेत.) आणि आमच्यात चार वर्षं चाललेला वाद असा: विमानांच्या लढाईचा खेळ टेबलावर खेळायचा तर एका भिडूच्या हातात विमानं किती द्यावीत? एक, दोन, की चांगली चार-पाच?

तुम्ही म्हणाल, हा काय वाद आहे? पण मुंबईकर आणि पुणेकर मिसळीवरून भांडतात तेव्हा तुम्ही काही म्हणता का? मग ऐका.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००४ साली इटलीतून 'विंग्ज ऑफ वॉर' नावाचा खेळ आला. आंद्रेआ अँजिओलिनो आणि पिएर जॉर्जिओ पाग्लिया या दोघांनी तो रचला. २०१२ पासून तो 'विंग्ज ऑफ ग्लोरी' या नावाने आरेस गेम्सकडे आहे. पहिल्या महायुद्धातली बोटभर विमानं असतात, पटावर चौकटी नसतात. प्रत्येक विमानाचे स्वतःचे पत्ते आणि पत्त्यावर बाण काढलेला: सरळ, डावं वळण, उजवं वळण, तिरकी घसरण वगैरे. तुम्ही तीन पत्ते गुपचूप उलटे मांडायचे. मग सगळ्यांनी एकदम पहिला पत्ता उघडायचा, बाणावरून विमान पुढे सरकवायचं आणि पट्टी लावून कोण कोणाच्या माऱ्यात आलंय ते बघायचं. लांबून मारलं तर नुकसानीचा एक पत्ता, जवळून मारलं तर दोन. ते पत्ते ज्याला गोळ्या लागल्या त्यानेच बघायचे. समोरच्याला तुमचं विमान किती खिळखिळं झालंय ते कळत नाही. मग दुसरा पत्ता, मग तिसरा. म्हणजे समोरचा तीन चालींनंतर कुठे असेल याच्या अंदाजावर तुम्ही आत्ता ठरवून बसता, आणि नंतर बदलता येत नाही. सगळी गंमत या आंधळेपणात आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन. पण मी परवापरवापर्यंत 'चार' पार्टीचा होतो, आणि 'दोन' या उत्तरालाही एक भोक आहे. ते नाशिककराने दाखवलं, म्हणून हा एवढा लेख.

मी चार पार्टीचा होतो याचं खरं कारण काही तात्त्विक वगैरे नाही. मी विमानं रंगवतो. रात्री अकराला अमेरिकेबरोबरचा कॉल संपला की दीडपर्यंत डबल झिरोचा ब्रश घेऊन बसतो. दोन वर्षांत चोवीस झाली. आता चोवीस विमानं रंगवल्यावर त्यातली बारा डब्यात ठेवून खेळायचं? छे! म्हणून शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर मी जाहीर केलं: तिघं विरुद्ध तिघं, प्रत्येकाला चार.

दिसत होतं मात्र लय भारी. निळ्या चादरीवर चोवीस विमानं, वर पिवळा बल्ब. सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढले. आणि मग खेळ सुरू झाला... म्हणजे झालाच नाही. तीन फेऱ्यांना पन्नास मिनिटं लागली. हिशेब करून बघा. समजा एका चालीला दहा पर्याय आहेत. तीन चालींचे एक हजार. चार विमानं असली की हजाराचा चौथा घात, एकावर बारा शून्यं. अर्थात असा विचार कोणी करत नाही. माणूस काय करतो ते मी शुक्रवारी नीट पाहिलं, आणि स्वतःही तेच केलं. दोन विमानांचा मनापासून विचार करायचा आणि उरलेल्या दोघांना तीन 'सरळ' लावून द्यायचे. कागदावर चार, डोक्यात दोनच. हापिसात एका माणसाच्या नावावर चार प्रोजेक्टं पंचवीस-पंचवीस टक्के लावतात ना, तसंच. ती उरलेली दोन विमानं म्हणजे लिंबूटिंबू. खेळात आहेत, पण मोजायची नाहीत.

आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट. चार असली की विमानावर जीव राहत नाही. माझं एक विमान पडलं तेव्हा मी म्हणालो, "जाऊ दे, तो तिसरा होता." त्या 'तिसऱ्या'च्या पंखांवरचे रंगीत षटकोन काढायला मला चार रात्री लागल्या होत्या! भाच्याने तर आपले पत्ते दोन मिनिटांत लावून मोबाइल काढला. डॉक्टर खुर्चीतच घोरायला लागला. बायको काही बोलली नाही, पण ती काही बोलत नाही तेव्हाच जास्त बोलते.

चार विमानांत आणखी एक खोट आहे आणि ती गणिताची आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१६ च्या 'एअरक्राफ्ट इन वॉरफेअर' या पुस्तकात वर्गाचा नियम मांडला. सगळे सगळ्यांवर गोळ्या झाडू शकत असतील तर बाजूची ताकद संख्येप्रमाणे नाही, संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. चारास चार असताना तुमचं एक पडलं तर तीनास चार राहिलं असं वाटतं. खरं राहतं नवास सोळा. म्हणजे पहिलं विमान पडलं की हरणार कोण हे जवळपास ठरलं, आणि तरीही पुढचा तासभर पत्ते लावत बसायचं. दोनास दोन असताना एक पडलं तर एकास चार. तिथे निकाल लगेच लागतो आणि उरलेल्याने काय करायचं हेही स्पष्ट असतं: जीव वाचवून घरी जायचं. आमच्यात नियम आहे की आपल्या कडेने टेबलाबाहेर सुखरूप गेलेल्या विमानाला गुण मिळतो. हा नियम नसेल तर लावून बघा, खेळ बदलतो.

मग एकच का नाही? मुळात हा खेळ एकास एक विमान असाच बहुतेक ठिकाणी खेळला जातो. १९८० साली 'एस ऑफ एसेस' म्हणून दोन छोट्या पुस्तकांचा खेळ निघाला होता. प्रत्येक पानावर कॉकपिटमधून दिसणारं दृश्य, दोघांनी आपापलं पुस्तक धरायचं आणि पान क्रमांक सांगत एकमेकांचा पाठलाग करायचा. माणूस एक, विमान एक. 'आपण वैमानिक आहोत' असं वाटायला याहून प्रामाणिक रचना नाही.

पण एकाचं दुःख मी पाहिलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी याच पडवीत हाच भाचा, तेव्हा अकरा वर्षांचा, पहिल्यांदा खेळायला बसला होता. गाडीत नियम पाठ केले होते त्याने. दुसऱ्या फेरीत मी त्याच्यावर लांबून गोळी झाडली. एक पत्ता. नुकसानीच्या पत्त्यांत स्फोटाचा एक पत्ता असतो, तो आला की विमान जागच्या जागी खलास. नेमका तोच निघाला. मी तर जोरात ओरडलोसुद्धा, "गेला!" आम्ही पुढे दीड तास खेळलो. पोरगं दीड तास झोपाळ्यावर. मध्ये एकदा मामाला विचारून गेलं, "संपलं का?" पुढच्या तीन ट्रिपांना तो आला नाही. यंदा आला तो मामाने वॉटर स्पोर्ट्सचं आमिष दाखवलं म्हणून. लहानपणी डब्बा ऐसपैसमध्ये आऊट झाल्यावर निदान पुढचा डाव लवकर यायचा हो.

शिवाय एकटा वीर, एकटं विमान हे चित्र खरं तरी किती होतं? ओस्वाल्ड बोल्के हा जर्मनांचा पहिल्या पिढीतला सर्वांत मोठा वैमानिक. त्याने १९१६ मध्ये हवाई लढाईचे जे नियम घालून दिले त्यातला शेवटचा नियमच असा आहे की हल्ला चार-सहाच्या गटाने करा, आणि झुंज सुटी सुटी झाली तर एकाच शत्रूच्या मागे अनेकांनी लागू नका. आणि तो मेला कसा? २८ ऑक्टोबर १९१६ ला एका इंग्रज विमानाच्या मागे असताना त्याच्याच तुकडीतल्या एर्विन बोमच्या विमानाची त्याच्या पंखाला धडक बसली. नियम त्यानेच केला होता. आपला इंद्रलाल रॉय बघा. जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा विजय, एसई५ए विमानावर, वय एकोणीस. त्यातलेही काही विजय साथीदारांबरोबर वाटून घेतलेले होते. २२ जुलैला तो पडला. माझ्या चोवीसातलं एक एसई५ए त्याच्यासाठी रंगवलेलं आहे आणि ते मी 'तिसरा' म्हणून कधीच वापरत नाही.

आता दोन. 'दोन'च्या बाजूचा माझा सर्वांत आवडता पुरावा स्वयंपाकघरातला आहे. १९४१ साली अमेरिकन नौदलातल्या जॉन थॅच नावाच्या अधिकाऱ्याने जपानच्या नव्या झिरो विमानाबद्दलचा अहवाल वाचला. आपल्या वाइल्डकॅटपेक्षा ते चपळ होतं आणि चढायचंही वेगाने. एकास एक भिडलो तर मेलो, एवढं त्याला कळलं. मग हा गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोला घरी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून बसायचा. काडी म्हणजे विमान! (माझ्या बायकोने हे वाक्य दोनदा वाचावं.) काड्या सरकवता सरकवता त्याला युक्ती सापडली. दोन विमानांनी अंतर ठेवून शेजारी उडायचं. एकाच्या शेपटीला शत्रू लागला की दोघांनी एकमेकांच्या दिशेने वळायचं. पाठलाग करणारा पहिल्याच्या मागे वळतो आणि दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. मग पुन्हा लांब, पुन्हा आत, वेणी घातल्यासारखं. नंतर त्याने ते हवेत तपासलं. हल्लेखोर म्हणून बुच ओहेअरच्या गटाला पूर्ण ताकद दिली आणि स्वतःच्या विमानांचे थ्रॉटल मुद्दाम अडवून ठेवले. तरी ओहेअरला धड नेम धरता येईना. ४ जून १९४२ ला मिडवेला हीच युक्ती त्याने खऱ्या लढाईत वापरली.

म्हणजे बघा, हवाई लढाईतला एक नावाजलेला डाव मुळात टेबलावरच सापडला. आणि तो एका काडीने सापडूच शकला नसता. 'पाठलाग करणाऱ्याने वळलं की त्याची पाठ उघडी पडते', हे वाक्य टेबलावर यायला एका बाजूला किमान दोन विमानं लागतात. तीन लागत नाहीत. इंग्रज १९४० मध्ये तिघांच्या त्रिकोणात उडत होते, तर मागच्या दोघांचा सगळा जीव पुढच्याच्या पंखाला चिकटून राहण्यात जायचा, आकाश बघणार कोण? जर्मनांकडे वेर्नर म्योल्डर्सने स्पेनच्या यादवी युद्धात जोड्या बसवल्या होत्या. दोनाची एक जोडी, दोन जोड्यांचा चौकडा. इंग्रज नंतर त्यावरच आले. चार दिसतात ती खरं तर दोन दोन असतात. 'विंगमन' म्हणतात त्याला मराठीत शब्द शोधायचीही गरज नाही. पाठीराखा.

एवढं सगळं मी शनिवारी सकाळी अलिबागला, ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जाताना सर्वांना ऐकवलं. (गुडघाभर पाण्यात माणसाला पळून जाता येत नाही.) कोल्हापूरकर म्हणाला, इथे तर आंग्र्यांचा किल्ला आहे, तुझा थॅच कशाला? मुद्दा बरोबर होता. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात मोठी गुराबं आणि वल्ह्यांची लहान गलबतं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून न्यायची, आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीकडून भिडायची, कारण तोफा तिथे कमी. विमानांच्या लढाईत शेपटी पकडतात तेच. एकट्या गुराबाने वाऱ्याविना काय केलं असतं? असो, जहाजांचा वेगळा लेख होईल.

तर दुपारी माझ्या म्हणण्याप्रमाणे दोन-दोन विमानं घेऊन खेळलो. मी आणि कोल्हापूरकर विरुद्ध बायको आणि नाशिककर. पन्नास मिनिटांत पूर्ण डाव संपला, निकालासकट. माझ्या एका विमानाने वळण घेऊन बायकोच्या विमानाला दुसऱ्यासमोर अगदी ताटात वाढल्यासारखं आणून दिलं. मी खूश. मी म्हटलं, झाला निकाल, एका भिडूला दोन.

नाशिककर म्हणाला, "तुझी दोन्ही विमानं फारच गुणी आहेत."

नाशिककराबद्दल सांगायला हवं. त्याचे वडील ओझरच्या एचएएलमध्ये होते. मिग-२१ बांधले जायचे ते ओझर. पोरगं विमानांचा आवाज ऐकत वाढलं. गेल्या वर्षी २६ सप्टेंबरला, २०२५ च्या, चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा वडील-मुलगा दोघं टीव्हीसमोर बसले होते. त्यामुळे तो विमानांवर बोलला की आम्ही गप्प बसतो.

तो म्हणाला, श्रीनगर आठव. १४ डिसेंबर १९७१. पाकिस्तानची सहा सेबर विमानं श्रीनगरच्या धावपट्टीवर आली. १८ स्क्वाड्रनची दोन नॅट विमानं तयार होती. पुढे फ्लाइट लेफ्टनंट बलधीरसिंग घुमन, मागे पाठीराखा म्हणून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों. घुमन आधी उडाले. त्यांच्या मागे धुळीचा लोट, त्यात सकाळचं धुरकं, वर बॉम्ब पडतायत. सेखों त्यातून उडाला तोवर दोघांना एकमेकं दिसेनाशी झाली होती. ती पुन्हा दिसली नाहीत. सेखों एकटा सहा जणांत शिरला. दोन सेबरवर त्याने मारा केल्याचं परमवीरचक्राच्या मानपत्रात आहे. मग तो पडला. हवाई दलाला मिळालेलं ते एकमेव परमवीरचक्र.

"आता तुझ्या टेबलावर श्रीनगर मांड," नाशिककर म्हणाला. "दोन नॅट तुझ्या हातात. तुझ्या डाव्या हाताला उजवा हात दिसणार नाही असं होईल का कधी? दोन्हीकडचे पत्ते तूच लावणार. ते कधी चुकणारच नाहीत. तू जोडी खेळत नाहीस. तू दोन तोंडांचं एक विमान खेळतोस."

यावर मी दोन मिनिटं आमसुलाचं सार पीत बसलो, कारण उत्तर नव्हतं.

मग मी बोयराचं उदाहरण काढलं, खरं तर स्वतःच्या बचावासाठी. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. २२ स्क्वाड्रनची चार नॅट डमडमवरून उडाली. मॅसी आणि त्याचा पाठीराखा सोरेस, गणपती आणि त्याचा पाठीराखा लाझारस. अगदी पुस्तकातला चौकडा, दोन आणि दोन. काही मिनिटांत दोन सेबर पडली, तिसऱ्याला मार बसला, आणि आपली चारही परतली. बघ, जोडी जमली की अशी जमते! नाशिककर हसला. म्हणाला, "जमली म्हणूनच तर कौतुक. तुझ्या टेबलावर ती न जमण्याची सोयच नाही, मग जमल्याचं कौतुक कसलं? आणि ज्या तिघांनी मारा केला त्या तिघांना वीरचक्र मिळालं. सोरेसचं नाव तुला तरी आज बघूनच सांगता आलं ना?" खरं होतं. मोबाइलवर शोधलं होतं.

इथे माझा प्रश्नच बदलला. मी इतके दिवस विचारत होतो की एका माणसाच्या डोक्यात विमानं किती मावतात, आणि त्याचं उत्तर दोनच आहे, त्यावर मी ठाम आहे. पण दुसरं विमान मुळात माझ्या डोक्यात असावं का? कारण जोडीतली जी खरी भीती आहे, की मागे वळून बघितलं आणि तिथे कोणी नाही, ती एका डोक्यात येतच नाही. आम्हा आयटीवाल्यांना हे कळायला नको का? रात्री तीन वाजता सर्व्हर पडतो, दोघं ऑनकॉल असतात, दोघांना वाटतं दुसरा बघतोय. कागदावर दोन नावं असतात. (कुठली कंपनी ते विचारू नका.)

मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. खेळणारी माणसं दोनच असतील तर प्रत्येकी दोन विमानं, पण दोन नंबरच्या विमानाला वाळूचं घड्याळ. पुढच्याचे पत्ते हवा तेवढा विचार करून लावा. ते झाले की अर्ध्या मिनिटाचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात पाठीराख्याचे तीन पत्ते लावायचे. वाळू संपली तर उरलेले सगळे 'सरळ'. गोंधळलेला नवशिका वैमानिकही तेच करत असेल. यात वेळही वाचतो आणि डावा हात उजव्या हाताला थोडा तरी परका होतो. पूर्ण नाही, पण थोडा. आणि चार माणसं असतील तर विमान प्रत्येकाला एकच, पण जोड्या करायच्या आणि डाव सुरू झाल्यावर जोडीदाराशी बोलायचं नाही. खुणा नाहीत, खाकरणं नाही. दोघांतला एक पडला तर त्याने झोपाळ्यावर जायचं नाही. त्याने जोडीदाराच्या मागे उभं राहायचं, आणि एका फेरीला एकदा, फक्त एकच शब्द बोलायचा. हा शेवटचा नियम माझा. का केला ते तुम्हाला कळलं असेल.

शनिवारी रात्री डॉक्टर लवकर झोपला. कोल्हापूरकर काकूंच्या चुलीशी पापलेटं तळायला बसला, कारण त्याच्या मते काकू तिखट कमी टाकतात. राहिलो चार. बायको आणि नाशिककर एकीकडे, दोघांकडे फोकर डी-७. दुसरीकडे मी आणि भाचा, दोघांकडे एसई५ए. इंद्रलाल रॉयवालं मी त्याला दिलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही पुढे व्हा, मी मागे राहतो." मनात म्हटलं, दोन वर्षं हा माणूस माझ्याशी नीट बोलला नव्हता.

पहिल्या तीन फेऱ्या छान गेल्या. पोरगं माझ्या उजवीकडे, एक पट्टी अंतर ठेवून. चौथ्या फेरीत मी डावीकडे वळलो. मला वाटलं तो आत येईल, थॅचची वेणी, दुपारीच तर समजावली होती. तो सरळ गेला. तीन वेळा सरळ. पत्ता उघडला की माझ्याकडे बघत होता आणि बोलता येत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं होतं. त्याला वाटलं होतं मी सरळ जाणार. दोघंही बरोबर होतो, आपापल्या डोक्यात.

पुढच्या फेरीत त्याने इमेलमन लावलं. म्हणजे जागच्या जागी उलटं फिरून तोंड मागे. पण त्याच्या आधी एक सरळ आणि नंतर एक सरळ लावावं लागतं, नियम आहे. त्यामुळे तो माझ्याकडे तोंड करेपर्यंत आणखी लांब गेला आणि परत आला तेव्हा एक फेरी उशीर झाला होता. त्याने बायकोच्या विमानावर जवळून मारा केला, दोन पत्ते. त्याच चालीत नाशिककराने मला पाडलं.

मी उठलो आणि जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो. एकास दोन. लँचेस्टर म्हणतो, एकास चार. त्याच्या विमानाला मार फारसा लागला नव्हता, आणि त्याला लढायचंच होतं, हे त्याच्या बोटांवरून कळत होतं. पत्ते पुन्हा पुन्हा बदलत होता. मला एक शब्द बोलायची मुभा होती. मी म्हटलं, "घर."

त्याने मान न वळवता पत्ते लावले. दोन फेऱ्यांत तो आमच्या कडेने बाहेर गेला. बाहेर जाताना शेपटीत एक पत्ता खाल्ला, पण गेला. मग विमान हातात धरून म्हणाला, "काका, मी पळालो ना?"

मी काही उत्तर जुळवत होतो तेवढ्यात बायकोने आपले नुकसानीचे पत्ते त्याच्यासमोर सरकवले. त्याने बेरीज केली. आणखी एक गुण लागला असता तर तिचं विमान पडलं असतं. तो ते पत्ते कितीतरी वेळ बघत बसला. मग मला म्हणाला, "मला हे माहीत असतं तर मी थांबलो असतो." नाशिककर म्हणाला, "माहीत नसतं रे कुणालाच." तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, ताटं वाढली होती, आणि चादर उचलावी लागली.

रविवारी निघताना डबा भरायला घेतला तर तेवीसच विमानं. एसई५ए भाच्याच्या बॅगेच्या बाहेरच्या खिशात, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं. मी काही बोललो नाही. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या दोन माळी घेतल्या आणि वडखळच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.